होणाऱ्या विभागप्रमुखाचं सूप

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आमचे विभागप्रमुख महिनाअखेर रिटायर होतायत. जागा कोणाला, हे साहेबांनी अजून उघड केलेलं नाही. पण विम्याचे दावे तपासण्यात या ऑफिसात माझ्याइतके केस कोणाचेच पांढरे झालेले नाहीत. आज सगळ्यांना बोलावून साहेब म्हणाले, पुढचे तीन शनिवार अख्ख्या विभागाने कुकिंग क्लासला जायचं. टीम बिल्डिंग. शेवटी म्हणाले, "लोक कोणाचं ऐकतात, ते मला बघायचंय." हे म्हणताना माझ्याकडे बघत होते. समझनेवाले को इशारा वगैरे.

लांब्याचाही डोळा असावा जागेवर. ज्युनियर आहे, ताडमाड उंच आहे, उगाच चष्मा पुसत असतो. लक्ष ठेवायला हवं. टपालबाईंचा प्रश्नच नाही. त्या आलेलं टपाल वाटतात आणि दिवसभर हसतात.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते शिकून जा. नेतृत्व हा हिचा विषय नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

उद्यासाठी संकल्प. सुरीला हात लावायचा नाही, प्रमुखाने चिराचिरी करायची नसते. सगळ्यांशी गोड बोलायचं (लांब्या सोडून). सर्दीने नाक चोंदलंय, ते कोणाला कळू द्यायचं नाही. आजारी माणसाला कोण प्रमुख करतं?

शनिवार, ९ नोव्हेंबर

क्लास एका बेकरीच्या वर. लांबलचक ओटा, सहा शेगड्या, सगळ्यांना एप्रन. माझ्या एप्रनची नाडी पुरेना. शिकवणारे मास्तर म्हणाले, आज भाज्यांचं सूप.

पाच मिनिटांत गोंधळ सुरू. जो तो पातेल्यात काहीतरी टाकतोय. मी लगेच ऑफिसची पद्धत लावून दिली. आमच्याकडे तिघांनी तपासल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, तर सूप कसं सरकेल? ठरलं: आधी लांब्याने चाखायचं, मग टपालबाईंनी, मग मी. माझ्या मंजुरीशिवाय मीठ नाही.

पहिला चमचा आला. मला काही म्हणजे काही चव लागेना. पण प्रमुखाने 'कळत नाही' म्हणून कसं चालेल? म्हटलं, मीठ कमी आहे. घातलं. परत चाखलं. परत कमी. लांब्या चष्मा पुसत म्हणाला, त्याला जरा जास्तच वाटतंय. मी सांगितलं, वाटण्यावर दावे निकालात निघत नाहीत, अजून घाल.

साहेबांनी एक चमचा घेतला आणि डोळे घट्ट मिटले. मग पाणी मागितलं. भारावले असावेत.

सोमवार, ११ नोव्हेंबर

टपालबाईंच्या टेबलाभोवती सगळे जमून हसत होते. मी जाताच एकदम शांत झाले. दरारा बसायला लागलाय.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज ब्रेड. मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून मास्तरांनी सगळ्यांना चहाला नेलं. पीठ तासभर नुसतं पडून राहणार, हे मला पटेना. आमच्या विभागात एखादी फाईल तासभर पडून राहिली तर मी गप्प बसतो का? परत आलो आणि चांगलं दणकून मळलं. थोडं फुगू लागलं की पुन्हा. कामाला लावल्याशिवाय पीठही वळणावर येत नाही.

ब्रेड भाजून आला तो कापता येईना. ओव्हन बिघडलेला असणार, मी तसं मास्तरांना स्पष्ट सांगितलं. टपालबाई हसत हसत खाली बसल्या. लांब्याने त्यांना हात देऊन उठवलं. साहेब हे सगळं बघत होते. अशा पोरकटपणाची नोंद घेतली जात असेलच.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सर्दीची चौकशी केली. म्हणाले, हवं तर या शनिवारी घरी आराम करा. माझी किती काळजी. सर्दी तशी बरी झालीये, पण विचार केला, न गेलेलंच बरं. मी नसलो की काय धांदल उडते, ते तरी दिसेल.

शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळपासून फोन हाताशी ठेवून बसलोय. एव्हाना करपलं असेल. विचारायला फोन करतीलच.

दुपारी एक फोन आला. इस्त्रीवाला.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो. सगळे एका टेबलाशी दाटीवाटीने जेवतायत, मधोमध टपालबाई वाढतायत. साहेबांच्या नाकाला पीठ. लांब्याचे दात आज पहिल्यांदा पाहिले. मी नसल्यामुळे फोटोत शिस्त अशी नाहीच.

रविवार, २४ नोव्हेंबर

साहेबांचा स्वतः फोन. उद्या नव्या प्रमुखाची घोषणा. तुम्ही सगळ्यात जुने, दोन शब्द तयार ठेवा, म्हणाले. आता आणखी काय हवं?

दिवसभर बसून भाषण लिहिलं. स्वतःबद्दल स्वतः बोललेलं बरं दिसत नाही, म्हणून 'नवा प्रमुख असा असावा' या थाटात. सगळ्यांचं ऐकून घेणारा. चूक झाली तर हसून सावरून घेणारा. ज्याच्यापाशी माणसं आपण होऊन येऊन बसतात असा. हिला वाचून दाखवलं. हिने कागद घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाली, "छान आहे हो. हे कोण?"

सोमवार, २५ नोव्हेंबर

टपालबाई.

साहेबांनी नाव घेतलं आणि लगेच मला दोन शब्द बोलायला उभं केलं. हातात तोच कागद होता, दुसरं काही सुचेना. तोच वाचला. एक शब्दही बदलावा लागला नाही. वाचता वाचता माझ्याच लक्षात यायला लागलं, या तर बाईच आहेत. टाळ्या थांबेनात. लांब्या सगळ्यात जोरात वाजवत होता.

नंतर बाई माझ्या टेबलाशी आल्या. पहिल्यांदाच हसत नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललं नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला मी आवडतच नाही." मी म्हटलं, छे, काहीतरीच काय.

घरी आल्यावर हिने विचारलं, काय झालं. भाषण चांगलं झालं, म्हटलं. हिने पान वाढलं. फार वाईट वाटतंय.