भारताची फाटकी कड

रविवार, १२ नोव्हेंबर २००६, र्युसेल्सहाइम

सईला शाळेसाठी खंडांचे कागदी तुकडे जोडून पृथ्वीवरचा जुना, एकसंध खंड करायचा होता. मी हौसेने बसलो आणि सवयीने भारत आशियाच्या पोटाला चिकटवला. "फाल्श, पापा!" चुकलं म्हणत तिने तो उचकटून आफ्रिका आणि अंटार्क्टिकाच्या मधे लावला. बरोबरच होतं तिचं. तिथूनच तुटलो आपण. पण भारताची वरची कड फाटून आशियालाच चिकटून राहिली. खंड म्हणे वर्षाला नखं वाढतात तेवढेच सरकतात. मग तुटतंय हे कळणार कधी?

नंतर पुण्याला फोन. आईने विचारलं, "जेवलीस का गं, बाळा?" सईला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच. मग दर रविवारी आई मला विचारते, "काय म्हणाली रे?" आज मी त्या प्रश्नाची वाट बघत थांबलो, तर आई म्हणाली, "बरं, ठेवते." विसरली असेल? छे. थकली.

आता ती फाटकी कड नखाने खरवडत बसलोय. निघत नाही. सई वैतागून म्हणाली, "लास दोख, पापा."

राहू दे म्हणतेय, आई.