टेबलावरच्या थापा

४ जून
थेरपिस्ट बाई चित्रांची कार्डं घेऊन आल्या. केळं, घर, पाणी. "काका, म्हणा बघू — पा-णी!" ह्यांनी कार्ड भिरकावलं. डाव्या हाताने, उजवा अर्धांगाच्या झटक्यापासून पडूनच आहे. तोंडातून शब्द नाही, पण तोरा शाबूत! जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आता केळं कोण म्हणणार?

५ जून
शेवटी ह्यांचंच पुस्तक काढलं. वर्गात हे लांबलचक इंग्रजी शब्दांचे तुकडे पाडायचे. तुकड्यागणिक टेबलावर थाप, आणि जोर असेल तिथे दणका. मीही तेच केलं. फी-नॉल्-थॅ-लीन. तिसऱ्यावर दणका — चहा सांडला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. माझा उच्चार ऐकवला नसणार!

९ जून
बोलले!! "थॅ." नुसता दणक्यापुरता तुकडा. मी नाचायचीच बाकी राहिले.

१७ जून
आज अख्खं इ-लेक्-ट्रो-ने-ग-टि-व्हि-टी! "टि"वर असा दणका की माझा चष्मा खाली. पण थापा थांबल्या की बोलणं बंद. भूक लागली तरी बोटच दाखवायचं.
वन्सं फोनवर — "दादा एवढं अवघड बोलतोय, वहिनी, तू उगाच घोर लावून घेतेस." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!
थेरपिस्ट बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "काकू, हे पाठांतर झालं. मनातला एक तरी शब्द आपणहून यायला हवा. जितका उशीर, तितकं अवघड."

२० जून
आपणहून एकही शब्द नाही.

२६ जून
क्रिस्-ट-लाय-झे-शन. सकाळपासून हेच. माझे तळहात लाल. ह्यांचा उच्चार मात्र फर्स्ट क्लास! पाण्यासाठी बोट दाखवलं तेव्हा माझा तोल गेला. "अहो, काहीतरी म्हणा हो! शिवी द्या हवं तर!" हे भिंतीकडे बघत बसले. विद्वान ना! शिवी कशी देणार?
मग राग आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम. पाणी दिलं.

२७ जून
पुस्तक उघडलंच नाही. ह्यांच्याशेजारी नुसती बसून राहिले, हात मांडीवर टाकून. जरा वेळाने ह्यांनी डावा हात माझ्या तळहातावर ठेवला.
"दमलीस," म्हणाले.
थाप कुणीच मारली नव्हती.