थांब म्हणणारी चिमणी

गिरगाव,
फेब्रुवारी १९५६

प्रिय नॉर्मा,

तुझा वसईचा पत्ता खोताच्या वाडीत जाऊन तुझ्या आईकडून घेतला. ॲन्टोनेटमावशी म्हणाल्या, पोर जेवत नाही, नुसती भिंतीकडे बघत बसते. ऐकून बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? माझा भाऊ जगदीश गेला आणि तू दोन्ही वेळा चापून जेवतेस असं कळलं असतं, तर पत्राला हात लावला नसता.

इकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज मोर्चे, रोज घोषणा. पोरांचे घसे बसलेत. आपलं नाटक बसवता बसवता आपणच खाली बसलो. गोणपाट काळं रंगवून केलेले कावळ्याचे पंख माळ्यावर टाकलेत. जगदीशचं डोकं बाई अचाट! म्हणायचा, चिमणी बाळाला अंगडं घालते, तीट लावते, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे, हसणार कोण? म्हणून आपली चिमणी आतून ओरडायची, थांब, बाळाच्या मिशीला तूप लावते! थांब, बाळ दाढी करतंय! तू ते तुमच्या वाडीच्या हेलात म्हणायचीस आणि पोरं लोळायची. पुढे घरी येतानाही तो कावळा होऊनच कडी वाजवायला लागला. दोन-तीन बहाणे ऐकल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही, असा मालननं बापाला नियमच घातला होता. आईविना पोर, तिचा हट्ट तो मोडायचा नाही.

त्या दिवशी ट्राम बंद, मी परळला शाळेत अडकलेली. इथे खोलीत तालमीची पोरं, बाहेर दगड, सोड्याच्या बाटल्या. छोट्या भिवाला घरी पोचवायला जगदीश निघाला. तुला म्हणाला, कडी लाव, नाटक चालू ठेव, पोरांना बाहेरचं ऐकू देऊ नकोस. तू तेच केलंस. मग दार वाजलं, कावळा दार उघड म्हणाला. तू म्हणालीस थांब, मालन म्हणाली थांब, सगळी पोरं खिदळली. त्याचा आवाज बसत गेला, तर पोरांना वाटलं, काय झकास सोंग करतोय! कडी काढली तेव्हा तो चौकटीला टेकून बसला होता.

लोक तुला सांगतील, लगेच उघडलं असतं तरी तो वाचला नसता. मी डॉक्टरांना विचारलं. ते तसं काही म्हणाले नाहीत. गोळी पोलिसांची होती, तुझी नव्हती, हे मला समजतं, तरी राग येतो, रोज येतो.

पण पत्र त्यासाठी नाही. मालन कडी लावूच देत नाही गं. दाराशी पाऊल वाजलं की धावते, भांडं पडो, पोळी जळो. काल विचारलंन, आत्या, शेवटचं थांब मीच म्हटलं ना? मी म्हटलं, मी कुठे होते तिथे? पण तुला म्हणून सांगते, पोरांनी मला सगळं सांगितलंय. तीच म्हणाली होती. नॉर्मा, तू ये आणि तिला सांग की ते तू म्हणालीस, ती गप्प होती. पोरांना मी दटावलंय, ती तोंड उघडणार नाहीत. तू नाहीतरी जीव जाळत बसलीच आहेस, तिच्या वाटचंही घे. ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही कदाचित. मी बघेन.

तुझीच,
कौसल्याताई