सौ.च्या अंगठीतील गोमेद बदलला असल्याबाबत

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस स्टेशन, जानेफळ,
ता. मेहकर, जि. बुलढाणा.

अर्जदार : शेषराव किसनराव निकस, सेवानिवृत्त वाहक (एस.टी.), रा. जानेफळ
गैरअर्जदार : राजकुमार, सोनार, बाजार ओळ

विषय : अंगठी लहान करण्याच्या निमित्ताने गोमेदाचा खडा बदलल्याबद्दल चौकशी होऊन झडती घेणेबाबत.
संदर्भ : मी तोंडी सांगितले असता जमादार साहेबांनी 'लेखी द्या' म्हटल्यावरून.

महोदय,

सविनय अर्ज सादर करतो की,

१. अर्जदाराने एस.टी.त उभी हयात काढली. खोटा पास, दुसऱ्याचा पास, सासूच्या पासवर फिरणारी सून, हे सर्व अर्जदार नुसत्या नजरेने ओळखत असे. त्यामुळे 'काकाचे डोळे गेले' हे गैरअर्जदाराने चारचौघांत काढलेले उद्गार निखालस खोटे आहेत. अर्जदाराचे दोन्ही मोतीबिंदू काढून झालेले आहेत.

२. अर्जदाराची पत्नी सौ. अन्नपूर्णाबाई यांच्या मधल्या बोटात चांदीत बसवलेला गोमेद आहे. मुलगी सारिका झाली तेव्हा सौ. मरता मरता वाचल्या. राहूची पीडा सांगितल्यावरून मी शनिवारी तो खडा त्यांच्या बोटात घातला आणि पुढच्या महिन्यात सौ. विहिरीचे पाणी ओढू लागल्या. खडा मधाच्या रंगाचा असून आत पाक ढवळल्यासारखी लहर होती. मी तो रोज पाहिलेला आहे.

३. गेल्या दिवाळीनंतर सौ.ची प्रकृती खालावली. बोटे बारीक होऊन अंगठी भाकरीच्या पिठात गळून पडू लागली, म्हणून ती लहान करण्यास गैरअर्जदाराकडे दिली. "बसा काका, चहा घ्या," असे म्हणून तो अंगठीसह आत गेला. चहा कशासाठी? एवढ्या वर्षांत त्याने मला पाणीसुद्धा विचारले नव्हते. परत आलेला खडा फिका होता आणि त्याच दिवसापासून सौ.ने अंथरूण धरले. यावरून काय ते आपण समजावे.

४. खरा गोमेद दिवसरात्र गोमूत्रात ठेवला की गोमूत्राचा रंग पालटतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. शेजारी गोकुळ यांच्या गाईच्या गोमूत्रात मी खडा ठेवला. रंग जराही पालटला नाही. यावर गैरअर्जदार म्हणतो, "काका, ते जर्सी गाय हाय. तिच्यानं काय समजते? गावरान पाहिजे." अधिक चौकशी केली असता गोकुळच्या सुनेची जोडवी गैरअर्जदाराच्याच दुकानातली निघाली. सबब गाईबाबतही माझा संशय कायम आहे.

५. सारिका बुलढाण्यात भूगोलाची शिक्षिका आहे. तिने मला न विचारता खडा तपासून आणला. कागदावर 'हेसोनाइट गार्नेट, नैसर्गिक' असे लिहिले आहे. मी गोमेद दिला होता. सारिका म्हणते, ते गोमेदाचेच नाव आहे. जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून एका दगडाचे रूप पालटते, तेव्हा हा खडा तयार होतो. म्हणजे बदलणे हा या खड्याचा जन्माचाच गुण ठरला! गैरअर्जदाराला याहून सोयीचा साक्षीदार कुठे मिळणार? आणि तो माझ्याच पोटची पोरगी निघावी!

६. मोठ्या डॉक्टरांनी सौ.ला घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, असे सांगितले. औषध का थांबवले असे मी विचारले, तर त्यांनी सारिकेकडे पाहिले आणि सारिका खिडकीबाहेर पाहू लागली. या दोघांत काय ठरले आहे, याचीही चौकशी व्हावी. खुद्द सौ. म्हणतात, "काऊन त्या पोराले छळून राह्यले? खडा तोच हाय. मले वळखू येत नाही काय? तुम्ही बसा ना माह्यापाशी जरासे." सौ. स्वभावाने भोळ्या असल्याने त्यांचा हा जबाब ग्राह्य धरू नये.

तरी गैरअर्जदाराच्या दुकानाची झडती घ्यावी. गैरअर्जदाराशी ज्याचा काडीचाही व्यवहार नाही अशा माणसाची गावरान गाय पाहून, दोन पंचांसमक्ष खड्याची पुन्हा परीक्षा करावी, आणि खडा बदललेला आहे असा निष्कर्ष लेखी द्यावा.

साहेब, आता आपल्यापासून काय लपवू? खडा खोटा निघाला तर मी खरा आणीन. कुठेही जाईन, पण आणीन. शनिवारी तिच्या बोटात घालीन आणि ती उठून बसेल. पण तो खराच निघाला, तर मग मी काय आणू? मला फार भीती वाटते, साहेब. म्हणून तो खोटाच निघावा, एवढी कृपा व्हावी.

आपल्या निष्कर्षाची वाट पाहणारा,
शेषराव किसनराव निकस
जानेफळ, दि. १४/०६/२०२५, शनिवार

सोबत :
१. तपासणीच्या कागदाची झेरॉक्स (मला मान्य नाही).
२. गोमूत्राची बाटली, लाख लावून बंद केलेली.
३. सौ.चा अंगठी घातलेला फोटो. एकच आहे, परत मिळावा.
४. अंगठी जोडलेली नाही. लहान करूनही पुन्हा ढिली झाल्याने सारिकेने दोरा गुंडाळून ती सौ.च्या बोटात बसवली आहे. पाहण्यासाठी आपण घरी यावे. जरा लवकर यावे.