कुरव आणि सुरय

वाराणसी, १२ एप्रिल

ती. बाबांना शरदिनीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका.

मला मात्र सध्या इथली किळस आली आहे. थंडीभर अहिल्याबाई घाटासमोर परदेशी कुरव पक्षी असतात. लोक नावेतून त्यांना तेलकट शेव फेकतात आणि फोटो काढतात. नदी सुरय त्यांच्याच कुळातला, पण पाहुणा नाही. तो बारमाही इथला, पलीकडच्या वाळूत उघड्यावर अंडी घालतो. कुरव जगात भरपूर आहेत, सुरय मात्र संकटात आहे.

मंगळवारी मी पक्षीगणनेसाठी घरटी मोजायला पलीकडे गेले. तिथे कुणीतरी पार्टीचे तंबू ठोकले होते. उष्ट्या पत्रावळींच्या मध्ये जीपखाली फुटलेली अकरा अंडी दिसली. बलकावर माश्या घोंगावत होत्या, आणि वर एक सुरय ओरडत घिरट्या घालत होता. मला तिथेच उलटी झाली.

गणनेचे साहेब म्हणाले, "मैडम, चिड़िया तो चिड़िया है. दोनों एक ही खाने में लिख दीजिए, संख्या अच्छी दिखेगी."

बाबा, गेल्या वर्षी मी तसंच, दोन्ही पक्षी एकाच रकान्यात लिहून सही केली होती. तुम्हाला सांगायची लाज वाटली. त्या सहीची मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

या वेळी मी सुरय वेगळा लिहिला: पाच घरटी, पाचही चिरडलेली. साहेब माझ्या बदलीची भाषा करताहेत. आईला एवढ्यात सांगू नका. मी कागद मागे घेणार नाही.

तुमची,
शरदिनी