पिल्लाला दिलेला होकार

गेर्लिंगेन, ऑक्टोबर २००६

ती. आईस सुरुचीचा नमस्कार.

आम्ही तिघंही बरी आहोत. तुझा खोकला कसा आहे?

रविवारी शेजारच्या केलरबाईंची दोन कुत्री घेऊन फिरायला गेलो होतो. इथे जुन्या रेल्वेचे रूळ काढून डांबरी वाट केली आहे. चढ नाही, गाड्या नाहीत. तुझ्या गुडघ्यांनाही झेपेल.

वाटेत अवनीने रुपेशला जर्मनमध्ये विचारलं, मला माझं पिल्लू कधी आणणार? तो म्हणाला, "नाताळात आणू." ती कुत्र्यांमागे पळत सुटली.

मी म्हटलं, "अरे, मार्चमध्ये आपण कायमचे पुण्याला जाणार ना?"

"पिल्लूच तर आणतोय गं, घर नाही घेत."

"कुत्रं बारा-बारा वर्षं जगतं."

"जगू दे की," तो म्हणाला.

तो सहज बोलला की ठरवून, मला कळलं नाही. मला राग यायला हवा होता. मी मात्र पिल्लाची टोपली कुठे ठेवायची, याचा विचार करत चालले होते.

अवनीच्या प्रवेशासाठी तू शाळेत जाणार होतीस. गेली नसशील, तर एवढ्यात जाऊ नकोस.

बाबांना नमस्कार सांग. बाकी काही सांगू नकोस.

तुझी,
सुरुची