कार्ड सापडलं नाही

आई, येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझा सत्कार आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे शाल मला घ्यायची आहे आणि दोन शब्दही मलाच बोलायचे आहेत. काल काकांचा फोन आला. काका म्हणजे तेच, इथल्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. तू होतीस तेव्हाही तेच अध्यक्ष होते आणि अजूनही तेच आहेत. खुर्ची सोडायची नाही ही त्यांची एक निष्ठा मात्र मी आजवर तंतोतंत पाळलेली पाहिली आहे. म्हणाले, "बेटा, देहदान सप्ताह करून राहिलो आपण. वहिनी म्हणजे मंडळाची शान! त्या काळात एका बाईनं सगळ्यांसमोर फॉर्म भरणं काय मामूली गोष्ट होती काय? तू बोल त्यांच्यावर, अच्छा वाटेल सगळ्यांना." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धा तास घरात नुसत्या येरझारा घालत राहिलो. तुझी सून म्हणाली, "बीपीची गोळी घेतली काय?" घेतली होती. तिचा काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी स्कूटर काढली आणि राइट टाउनला हॉलवर गेलो. दारातच माझ्या उंचीहून मोठा फ्लेक्स लावलाय. वर लिहिलंय, 'देहदानाचे आमचे आदर्श', आणि खाली सहा फोटो. मी एकेक फोटो बघत गेलो आणि माझं डोकं तडकलं. पहिले आपले गणिताचे मास्तर. त्यांच्या तिरडीला मी खांदा दिला होता. दुसरे रेल्वेतले साहेब. लाकडं ओली निघाली, चिता पेटेना, तेव्हा रॉकेल आणायला मीच पळालो होतो. तिसरी तुझ्या भिशीतली मैत्रीण. चौथ्या खुद्द काकू. त्यांच्या अस्थी नर्मदेत सोडताना नाव हलायला लागली म्हणून काकांनी माझाच दंड घट्ट धरला होता. पाचवी तू. आणि सहावे स्वतः काका, अजून हयात असल्यामुळे बिनहाराचे. म्हणजे देहदानाच्या या पाचही आदर्शांना ग्वारीघाटावर रीतसर अग्नी दिला गेला, पाचही वेळा मी तिथे हजर होतो, काका हजर होते, आणि ज्यांनी हा फ्लेक्स छापून आणला ते सगळे हजर होते. मी चिटणिसाला गाठलं. म्हटलं, "काहो, यातलं एक तरी मेडिकल कॉलेजात पोचलं काय?" तो तोंडातला घास सावकाश गिळून म्हणाला, "भैया, संकल्प तर केला होता ना त्यांनी. आपण भावना पाहायची." त्याच्या हातात समोसा होता. मलाही एक देत होता.

भावना! आई, तुला हा शब्द कधी सहन झाला नाही. तू मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचीस, आणि बेडूक चिरताना एखादी मुलगी डोळे मिटून घ्यायला लागली तर तिचा हात धरून म्हणायचीस, "पहिले पाहा, मग दया कर." मला आठवतं, ज्या रविवारी काकांनी हॉलमध्ये देहदानावर भाषण दिलं, तेव्हा तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस आणि मी तुझ्या शेजारी. काय बोलले होते ते! माणसाचा देह म्हणजे काय, राख होऊन वाहून जाण्यापेक्षा एखाद्या होतकरू डॉक्टरच्या कामी यावा, कर्मकांडाच्या बेड्या आपणच तोडल्या पाहिजेत, आम्ही उभयतांनी तर संकल्प केला आहे. काकू पहिल्या रांगेत मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. टाळ्या थांबेनात. हात वर करा म्हटल्यावर अर्ध्या हॉलनं हात वर केले. आणि तू उभी राहून विचारलंस, "फोन कोणी करायचा असतो? अन् किती वेळात? बर्फ लागतो काय?" मागे कोणीतरी हसलं. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर एकदम शेवटालाच पोचल्या!" तू हसली नाहीस. "शेवटाचंच तर चाललंय ना," म्हणालीस आणि टेबलापाशी जाऊन फॉर्म घेतलास. हात वर करणारे तोवर चहाच्या रांगेत लागले होते. फॉर्मवर जवळच्या नातलगाची सही लागायची. ती मी केली, तुझ्याच पेनानं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "पाहा हं, सही तुझी आहे."

तू असं का म्हणालीस ते मला तेव्हाच कळलं होतं. मी सातवीत असताना 'पाण्याचं मोल' या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलो होतो. बक्षीस स्टीलचा डबा. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या याच चेरीतालच्या घरी अंगणातल्या नळाला पाणी आलं. मी बादली लावली आणि शेजारच्यांना तेच भाषण पुन्हा करून दाखवायला गेलो. परत आलो तर बादली भरून पाणी अंगण ओलांडून रस्त्यावर, आणि तू पायरीवर उभी. नळ तू बंद केला नव्हतास. मला दिसावं म्हणून तसाच वाहू दिला होतास. "काहून रे, नळ कोण बंद करणार? परीक्षक येईल काय?" एवढंच बोललीस. मग तो डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलास, जिथे माझा हात पुरत नव्हता, आणि म्हणालीस, ज्या दिवशी तोंडातलं हातात येईल त्या दिवशी घेऊन जा. मी रागानं आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही. पुढे हात फळीपर्यंत पुरायला लागला तरी मी तो डबा काही काढला नाही. देहदानाचं कार्ड आलं तेव्हा तू ते त्याच डब्यात ठेवलंस आणि मला बोलावून दाखवलंस. "फोन नंबर यावर आहे. मी गेली की पहिले हा डबा उतरव. रडणं नंतर."

आणि तू गेलीस ती सकाळ. थंडीचे दिवस आहेत, सात वाजायला आलेत, गॅसवर तुझाच चहा उकळतोय आणि तू आतल्या खोलीत पलंगावर नुसती टेकलेली आहेस. डॉक्टर येऊन जातात. मग दारात चपला वाढायला लागतात. सगळ्यात पहिले येतात ते काका, मफलर गुंडाळून. मला वाटतं आता हेच म्हणतील, चल, फोन लाव, मी आहे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी विचारतात, "फोन तर नाही केला ना बेटा?" मी नाही म्हणतो. "अच्छा केलं. अरे, फॉर्म-बिर्म ठीक आहे, ते आपण प्रेरणेसाठी बोलतो. पण एकुलता एक मुलगा आहेस तू. समाजात राहायचं आहे. अग्नी नाही दिला तर लोक काय म्हणतील, सोच." प्रेरणेसाठी! म्हणजे प्रेरणा दुसऱ्यांनी घ्यायची आणि यांनी फक्त वाटायची. तेवढ्यात तुझी धाकटी बहीण ऑटोतून उतरते ती रडतच. "काहून रे, माझ्या बहिणीला पोरं तिथं चिरून राहतील अन् आपण इथं जेवत बसायचं? असं कसं करतं कोणी?" मावशीवर माझा राग नाही. तिनं कधी भाषण केलं नव्हतं, कोणाला बेड्या तोडायला सांगितलं नव्हतं. तिला दुःख झालं होतं आणि ती तेच बोलत होती.

एकटी माझी मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची, तुझ्या उशाशी बसलेली उठून माझ्यापाशी आली. तिला मराठी समजतं सगळं, पण बोलताना तिची गाडी हिंदीवरच येते. "बाबा, आजीने साइन किया था ना? आपने भी किया था. नंबर दो, मैं फोन करती हूँ." सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "कार्ड सापडत नाहीये." ती स्वयंपाकघरात गेली, स्टूल ओढल्याचा आवाज आला, डबा उतरवल्याचा आवाज आला. परत आली ती रिकामा डबा हातात घेऊन. मी तिच्यावर ओरडलो, "मोठे बोलून राहिले ना इथं? चुप बस!" तिच्यावर मी त्याआधी कधी ओरडलो नव्हतो. दुपारी आम्ही तुला ग्वारीघाटावर नेलं. काका सगळ्यात पुढे होते.

तेराव्याला काकांनी श्रद्धांजलीचं भाषण केलं. तुझ्या पुरोगामी विचारांवर बोलले, पंगत वाढायला वेळ झाला तरी बोलत राहिले. पुढच्याच वर्षी मंडळाच्या स्मरणिकेत एक लेख आला, कर्मकांडाविरुद्ध, चांगला चार पानी. लोकांनी फार वाखाणला. आपण समाज म्हणून कधी सुधारणार, असा कळवळून विचारलेला प्रश्न होता त्याच्या शेवटी. तो लेख मी लिहिला होता, आई. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर मला बोलवायचे, मीही जायचो. तुझ्याबद्दल कोणी विचारलं तर माझ्याकडे एक गोष्ट तयार होती: कार्ड ऐनवेळी सापडलं नाही हो, आणि वर काका अडून बसले. ऐकणारे काकांना नावं ठेवायचे आणि मला हळहळून चहा द्यायचे. अकरा वर्षं मी तो चहा प्यायलो. काल फ्लेक्ससमोर उभा राहून जो संताप आला ना, त्यातला निम्मा त्या पाचव्या फोटोखाली मी उभा होतो म्हणून होता.

कार्ड मला सापडलं होतं. तू सांगितल्याप्रमाणे मी रडण्याआधी डबाच उतरवला होता. डॉक्टरसुद्धा यायच्या आधी कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं, स्वेटरच्या आत, आणि तुला अग्नी देतानाही ते तिथेच होतं. काकांनी मला अडवलं हेही खरं नाही. ते कानाशी बोलले तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. मला हायसं वाटलं. मी करू शकणार नाही हे मला आधीच कळलं होतं, फक्त ते दुसऱ्या कोणीतरी म्हणायला हवं होतं. त्या माणसाचा मला आज एवढा राग येतो, त्याचं कारण हेही असेल.

मागच्या महिन्यात मी माझा फॉर्म आणला. मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे, नोकरी करते, रविवारी घरी असते. जेवणाच्या टेबलावर फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि सही कर म्हटलं. मला वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील, निदान एकदा विचारेल, पक्का ना? तिनं शेवटपर्यंत नीट वाचला, सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "एक बात है. कार्ड मेरे पास रहेगा, बाबा. तुम्हाला सापडत नाही." आवाज चढवला नाही, टोमण्याचा सूरही नव्हता. ती मला तारीख लक्षात ठेव म्हणून सांगावं तसं सांगत होती. म्हणजे तिला त्या सकाळपासून माहीत होतं. अकरा वर्षं ती माझी ती गोष्ट पाहुण्यांसमोर ऐकत होती, एका शब्दानं कधी मध्ये बोलली नाही, आणि मी तिलाच लहानपणी खोटं बोलू नये म्हणून दोन धपाटे घातले होते. मी ताट तसंच ठेवून उठलो. ती नळ सोडून भांडी विसळायला लागली.

हे पत्र रविवारी हॉलमध्ये तसंच्या तसं वाचावं असं लिहायला बसलो तेव्हा मनात होतं. पण पत्र तुला आहे, त्यांना नाही. लिहून झाल्यावर तुझ्या डब्यात ठेवीन, तो अजून त्याच फळीवर आहे, तुझं जुनं कार्डही मी नंतर त्यातच ठेवलंय. रविवारसाठी वेगळं छोटं भाषण लिहिलंय. त्यात पाचही जणांना मी कुठे पोचवलं ते आहे, काकांचं प्रेरणेचं वाक्य आहे, चिटणिसाचा समोसासुद्धा आहे. ते सगळं मी बोलणार आहे, कोणाला काय वाटायचं ते वाटो. मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे. शेवटी एक ओळ आहे: कार्ड माझ्या खिशात होतं. ती मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. आत्ता, हे तुला लिहितोय या घडीला, ती खोडलेली आहे.